प्रेमकादंबरीचं परीक्षण कोण करणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजीतल्या 'नॉव्हेल'ला मराठीत आपण 'कादंबरी' म्हणतो. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे, की तो मुळात एका मुलीचं नाव आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने संस्कृत गद्यात एक मोठी प्रेमकथा लिहायला घेतली. ती पुरी होण्याआधीच तो गेला आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने पूर्ण केला. त्या कथेतली गंधर्वकन्या म्हणजे कादंबरी. मराठीत हा वाङ्मयप्रकार आला तेव्हा त्याला नाव हवं होतं, ते या नायिकेवरून मिळालं. म्हणजे ज्या वाङ्मयप्रकारातल्या प्रेमकथांना आपले जाणकार पुढे सव्वाशे वर्षं नाकं मुरडत राहिले, त्या प्रकाराचं नावच एका प्रेमकथेवरून पडलेलं आहे. या शब्दाचा संस्कृतात आणखी एक अर्थ आहे : मद्य. आपल्या टीकाकारांना कादंबरीची जी धास्ती वाटत आली, ती पाहता हा दुसरा अर्थही त्यांच्या मनात घर करून असावा असं वाटतं.

आज मला बोलायचं आहे ते प्रेमकादंबऱ्यांबद्दल नव्हे, तर त्यांच्या परीक्षणाबद्दल. नवी कादंबरी आली की तिच्याविषयी कुणी काय बोलायचं, कोणत्या कसोट्या लावायच्या, हा प्रश्न मराठीत दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि त्याची उत्तरं फक्त मासिकांच्या पानांवर दिली गेली असंही नाही. एकदा तर ते उत्तर दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात द्यावं लागलं.

सुरुवात मात्र सुरुवातीपासूनच करू. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं १८५७ साली. त्याचा विषय विधवांची दुःस्थिती. त्यानंतर चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या दोन्ही कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला राजवाडे, अरण्यं, ताटातूट आणि पुनर्मीलन यांची चटक लावली. आज ती पुस्तकं वाचताना हसू येतं. पण रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत जे म्हटलं आहे, ते हसण्यासारखं मुळीच नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीरीतीच अशा आहेत, की रोजच्या आयुष्यात रंजक असं काही घडतच नाही. तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचं म्हटलं, की लेखकाला अद्भुताकडेच वळावं लागतं.

विचार केला तर हे त्या काळातल्या कादंबरीचं बिनचूक निदान आहे. आठव्या-नवव्या वर्षी मुलीचं लग्न व्हायचं, नवऱ्याशी चारचौघांत बोलायची चोरी. अशा घरात नायक-नायिकेची भेट व्हायची कुठे? एकमेकांना पाहायचं कधी, रुसायचं कधी? वाड्यातल्या माजघरात जे घडू शकत नव्हतं, ते लेखकाने कल्पनेतल्या राजवाड्याच्या बागेत घडवून आणलं. प्रेमकथेतला अद्भुतपणा हा लेखकाचा नुसता छंद नव्हता, ती समाजाने त्याच्यावर आणलेली अडचण होती.

याच सुमारास परीक्षणाचीही सोय झाली. १८६७ साली 'विविधज्ञानविस्तार' निघालं. त्याच्याशी पहिल्यापासून जोडलेले रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे स्वतः कादंबरीकार. त्यांची 'मोचनगड' १८७१ पासून याच मासिकातून येऊ लागली. नव्या ग्रंथांची सविस्तर चिकित्सा करायची, हे या मासिकाने आपलं काम मानलं. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल आणि नाटक यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. मराठीत कादंबरीचा तात्त्विक विचार करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लेखनात त्याची गणना होते. कादंबरी वस्तुस्थितीला धरून हवी, असा आग्रह याच काळात आकाराला आला. पुढे १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'कादंबरी' या नावाचा निबंध लिहिला. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गावोगाव हिंडून जमवणारा हा माणूस युरोपातल्या कादंबऱ्याही तितक्याच चवीने वाचत होता. त्या मापाने त्यांनी मराठी कादंबरी मोजली आणि ती त्यांना फार तोकडी वाटली.

या पहिल्या पिढीच्या परीक्षकांचे प्रश्न दोन. एक, हे असं जगात घडतं का? आणि दोन, हे वाचून आमच्या मुलाबाळांचं काय होईल? पहिला प्रश्न वाङ्मयाचा होता, दुसरा घराच्या अब्रूचा. पण दोन्ही एका दमात विचारले जात आणि पुष्कळदा दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या नावाखाली दिलं जाई.

यातून वाट काढली हरिभाऊ आपट्यांनी. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. ती यमूची कहाणी म्हणून, विधवेच्या दुःखाची कहाणी म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पण तिच्या मधल्या भागात मराठीतली एक अतिशय गोड प्रेमकथा दडलेली आहे, याची आठवण फारसं कुणी काढत नाही. यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव मुंबईला बिऱ्हाड करतात, तो तिला लिहा-वाचायला उत्तेजन देतो, दोघं एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागतात. रिसबुडांना जी अडचण पडली होती, ती हरिभाऊंनी लग्नानंतरचं प्रेम लिहून सोडवली. राजवाडा नको, अरण्य नको. मुंबईतलं साधं बिऱ्हाड पुरलं. आणि यमूचं पुढचं दुःख वाचकाच्या काळजाला भिडतं, ते या सुखाच्या दिवसांमुळेच. तरीही समीक्षेने या पुस्तकाला 'सामाजिक कादंबरी' म्हटलं. प्रेमकथा चांगली जमली, की तिला दुसऱ्या नावाने हाक मारायची, ही आपली रीत तिथपासूनची आहे.

मग काळ पालटला. लग्नाचं वय हळूहळू वाढलं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी किमान चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षांची अट घातली. मुली कॉलेजात जाऊ लागल्या. लग्नाआधी तरुण-तरुणींची ओळख होणं मध्यमवर्गात शक्य झालं. आणि नेमक्या याच दशकात ना. सी. फडके मराठी कादंबरीवर राज्य करू लागले. 'जादूगार' १९२८ ची, 'दौलत' १९२९ ची, 'अटकेपार' १९३१ ची. मोटार, टेनिस, चहाचे पेले, सुंदर अक्षरातली पत्रं हे फडक्यांच्या कादंबरीतलं सामान आज चेष्टेचा विषय होतं. पण पहिल्यांदाच वाचणाऱ्या तरुण मुलीला त्यात एक गोष्ट दिसत होती : इथे नायिकेला तिचं मन विचारलं जातं. बाहेर पत्रिका पाहून लग्नं ठरत असताना ही काही लहानसहान बाब नव्हती.

फडक्यांच्या बाबतीत एक योगायोग मला फार बोलका वाटतो. त्यांची पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर', १९१७ ची. ती मारी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या 'टेंपोरल पॉवर'वर आधारलेली. कॉरेली म्हणजे तिकडची अफाट खपाची लेखिका. समीक्षक तिची इतकी टर उडवीत, की १८९५ च्या 'द सॉरोज ऑफ सेटन' या कादंबरीत तिने चक्क सूचनाच छापली : या पुस्तकाच्या प्रती परीक्षणासाठी कुठेही पाठवलेल्या नाहीत. पुस्तक तरीही धो धो खपलं. लोकप्रिय कादंबरी आणि परीक्षक यांचं हे भांडण फडक्यांच्या पहिल्याच कादंबरीच्या पाठीमागे उभं होतं.

फडके मात्र कॉरेलीसारखे परीक्षकांकडे पाठ फिरवून बसले नाहीत. ते स्वतःच शास्त्रकार झाले. १९३१ च्या 'प्रतिभासाधन'मध्ये त्यांनी कथानक कसं गुंफावं, उत्कंठा कशी राखावी, शेवट कसा साधावा याची रीतसर मांडणी केली. त्यामुळे परीक्षकांना तंत्राची भाषा मिळाली. कादंबरीची आरंभाची पकड, मध्याचा ताण, शेवटाचा परिणाम असं मुद्देसूद बोलता येऊ लागलं. पण तोवर खांडेकर उभे राहिले होते. 'कांचनमृग' १९३१ ची, 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' १९३४ च्या. त्यांच्याही कादंबऱ्यांत प्रेम होतंच, पण ते ध्येयवादाच्या हातात हात घालून येई. मग 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद पेटला. व्याख्यानमाला, संमेलनं, मासिकं यांत तो वर्षानुवर्षं गाजला. या वादाने मराठी माणसाला वाङ्मयावर तावातावाने बोलायला शिकवलं, हे त्याचं ऋण आहेच. पण त्याने एक नुकसानही केलं. परीक्षण पुस्तकाचं न होता पक्षाचं होऊ लागलं. समोरची कादंबरी कशी आहे यापेक्षा ती कुणाच्या बाजूची आहे, हे आधी पाहिलं जाऊ लागलं.

त्याच धामधुमीत, १९३३ साली, 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं इतक्या उघडपणे तोवर कुणी लिहिलं नव्हतं. 'हिंदोळ्यावर'मध्ये तर नवऱ्यापासून दुरावलेली स्त्री दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते. लक्षात घ्या, हिंदू विवाह कायदा यायला अजून एकवीस वर्षं होती. मोठी खळबळ माजली. पण त्या खळबळीत सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न कोणता? ही बाई कोण? टोपणनावाआड पुरुष तर नाही ना? पुढे कळलं, की या मालतीबाई बेडेकर. पुस्तकात काय म्हटलं आहे याच्या आधी ते म्हणणारी कोण, कुणाची, कशी, हे तपासायचं, हा परीक्षणाचा एक नवाच प्रकार त्या वेळी रूढ झाला. आणि तो फक्त स्त्रियांच्याच वाट्याला आला. फडक्यांच्या नायकाच्या वागण्यावरून फडक्यांच्या चारित्र्याचा दाखला मागणारे थोडे असतील. स्त्रीने प्रेमावर लिहिलं, की तो मागणारे घरोघर होते.

या सगळ्यात न्यायबुद्धीने वाचणारी एक व्यक्ती होती, कुसुमावती देशपांडे. त्यांनी १९५० च्या दशकात 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा दोन भागांतला ग्रंथ सिद्ध केला. चांगली-वाईट, गाजलेली-विसरलेली अशी शेकडो पुस्तकं त्यांनी समोर घेतली आणि प्रत्येकाचं माप त्याच्या काळात ठेवून केलं. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या; हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. कवी अनिल हे त्यांचे पती. लग्नापूर्वी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं पुढे 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध झाली. प्रेम ही गंभीरपणे वाचण्याची गोष्ट आहे, हे कळलेली व्यक्ती मराठी कादंबरीची इतिहासकार झाली, हे आपलं भाग्य. दुर्दैव हे, की संमेलनाच्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, त्या गेल्या.

आणि पुढचं वर्ष उजाडलं १९६२. मराठी प्रेमकथेच्या दृष्टीने हे वर्ष विलक्षण आहे. याच वर्षी पु. शि. रेगे यांची 'सावित्री' आली. नुसत्या पत्रांची बनलेली, चिमुकली. जाणकारांनी तिला डोक्यावर घेतलं. याच वर्षी रणजित देसाईंची 'स्वामी' आली. माधवराव पेशवे आणि रमाबाईंच्या सहजीवनाने घरोघरच्या वाचकांना रडवलं. प्रेमकथाच ती, पण इतिहासाचा शेला पांघरून आल्यामुळे तिला प्रतिष्ठेचं दार सताड उघडं होतं. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. याच वर्षी वसंत दावतरांनी केवळ समीक्षेला वाहिलेलं 'आलोचना' मासिक सुरू केलं. आणि याच वर्षी 'रंभा' या मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा छापून आली.

काकोडकरांचं नाव घेतलं, की एका पिढीच्या वाचकांच्या चेहऱ्यावर अजूनही एक ओशाळं हसू उमटतं. कारण त्यांची पुस्तकं आपण वाचली हे कबूल करायचं नसतं, असा संकेत होता. 'शामा'मध्ये निशिकांत नावाचा एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया आहेत. कथा अश्लील आहे अशी फिर्याद भारतीय दंड संहितेच्या २९२ कलमाखाली दाखल झाली. खालच्या न्यायालयात सुटका झाली, पण मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं. शिक्षा होती पंचवीस रुपये दंड. तो न भरल्यास पाच दिवसांची साधी कैद. आणि आरोपींकडे असतील त्या अंकांच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश.

पंचवीस रुपये म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हे. पण काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. वातावरण अनुकूल नव्हतं. पाचच वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, याच न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची शिक्षा कायम केली होती. त्या खटल्यात मुल्कराज आनंदांसारख्या नामवंत लेखकाने बचावाची साक्ष दिली होती, तीही उपयोगी पडली नव्हती. डी. एच. लॉरेन्सला जिथे माफी नाही, तिथे दिवाळी अंकातल्या मराठी कथालेखकाची काय कथा?

पण ऑगस्ट १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेला तो निकाल मी वाङ्मयसमीक्षेचा नमुना म्हणून वाचावा असं सुचवीन. न्यायालयाने सुटी वाक्यं न उचलता कथा एकसंध वाचली. प्रत्येक पात्र काय करतं, का करतं हे पाहिलं. अश्लीलतेच्या कल्पना देशोदेशी आणि काळानुसार बदलतात, आपल्या समाजाच्याही बदलत आहेत, हे नोंदवलं. कथा कुणाला अभिरुचीहीन वाटेल, पण तेवढ्याने ती गुन्हा ठरत नाही, असा फरक केला. आणि एक अगदी व्यवहारी गोष्ट सांगितली. तिचा मथितार्थ असा, की स्त्री-पुरुष संबंधाचा नुसता उल्लेख आहे म्हणून कादंबरी कुमारवयीन मुलांसाठी वर्ज्य ठरवली, तर त्यांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही. धार्मिक पुस्तकंच तेवढी त्यांच्या हाती उरतील.

१८७० च्या आसपास मराठी परीक्षकांनी एकत्र बांधून टाकलेले दोन प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सोडवून वेगळे केले : पुस्तक चांगलं आहे का, हा एक प्रश्न, आणि पुस्तक घातक आहे का, हा दुसरा. न्यायालयाने दुसऱ्याचं उत्तर दिलं आणि पहिला प्रश्न ज्यांचा त्यांना परत केला. ज्यांचा म्हणजे परीक्षकांचा, वाचकांचा. त्याच वर्षअखेरीस राज खोसला यांचा 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट झळकला आणि तुफान चालला. तो काकोडकरांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवर बेतलेला होता. म्हणजे एकाच वर्षात एकाच मराठी लेखकाला न्यायालयाने ऐकून घेतलं आणि देशभरच्या प्रेक्षकांनीही. परीक्षकांच्या मंडळाने मात्र त्याला दारातच उभं ठेवलं.

हे एकट्या काकोडकरांचं झालं असं नाही. १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तालुक्या-तालुक्याच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला आणि कादंबऱ्यांना एक हुकमी गिऱ्हाईक लाभलं. शहरांत गल्लोगल्ली खाजगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या होत्याच. दुपारी कामं आवरली, की बायका पिशवीत पुस्तक घालून ते बदलायला निघत. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर, सुमती क्षेत्रमाडे ही नावं तिथे चलनी नाण्यासारखी चालत. यांतल्या योगिनीबाई शास्त्रीय गायिका, सुमतीबाई पेशाने डॉक्टर. सुमतीबाईंच्या गाजलेल्या कादंबरीचं नाव 'महाश्वेता'. बाणभट्टाच्या कादंबरीची विरहिणी मैत्रीण ती हीच महाश्वेता. तेराशे वर्षांनंतर ती मराठी वाचनालयाच्या फडताळात पोचली होती, पण समीक्षेच्या मासिकात तिला जागा नव्हती.

या पुस्तकांचं वर्तमानपत्रात काय व्हायचं? रविवारच्या पानाच्या तळाशी 'साभार पोच' नावाची बारीक टायपातली चौकट असे. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. संपलं. मिळालं, आभार, वाचणार नाही, असा त्याचा खरा अर्थ. खरं परीक्षण व्हायचं ते वाचनालयाच्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर. 'छान', 'शेवट आवडला नाही', 'वेळ फुकट गेला', 'रडू आलं'. कुणी पेन्सिलीने, कुणी बॉलपेनने. ग्रंथपालाने कितीही पाट्या लावल्या तरी हे थांबलं नाही. माणसाला वाचलेल्या पुस्तकाबद्दल कुणाशी तरी बोलायचं असतं आणि छापील पानावर कुणी त्याच्याशी बोलत नसेल, तर तो कोऱ्या पानावर बोलतो.

समीक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन परंपरा दाखवल्या : 'यमुनापर्यटन'ची वास्तवाची, 'मुक्तामाला'ची रंजनाची आणि 'मोचनगड'ची ऐतिहासिक. पहिलीची उपेक्षा करून आपण दुसऱ्या दोहोंना पोसलं, अशी त्यांची तक्रार. १९६३ च्या 'कोसला'नंतर आलेल्या पिढीला ही तक्रार मनोमन पटली आणि तिच्यात तथ्यही आहे. साच्यातून काढल्यासारखी प्रेमकादंबरी आपल्याकडे ढिगाने निघाली. गरीब नायिका, श्रीमंत नायक, गैरसमजाचं एक पत्र, आजारपण आणि शेवटच्या पानावर मिलन. पण एक प्रश्न उरतोच. ढिगातलं धान्य निवडायचं काम कुणाचं? सुपात घेऊन पाखडलं तरच खडे कुठले आणि दाणे कुठले ते कळतं. आपण अख्खा ढीगच केराचा म्हणून बाजूला केला. त्यामुळे वाईट लिहिणाऱ्याचं काही बिघडलं नाही, त्याचा खप चालूच राहिला. बिघडलं ते बरं लिहिणाऱ्याचं. आपलं कुठे जमलं, कुठे घसरलं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

प्रेम हा विषय मुळातच हलका, असं तर कुणी म्हणू शकणार नाही. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं १९७४ चं, ते 'ययाति'कार खांडेकरांना. आणि 'ययाति'चा विषय वासना आणि प्रेम हाच आहे. गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया'ने १९८० मध्ये प्रेम, लग्न आणि वय वाढत जाणं यांच्याकडे पाहायची तऱ्हाच बदलून टाकली. महर्षी कर्व्यांची ही नात, इरावतीबाईंची लेक. तिच्या नायिका स्वतः कमावतात, प्रवास करतात, प्रेमात पडल्या तरी प्रश्न विचारणं सोडत नाहीत. २००५ मध्ये मेघना पेठे यांची 'नातिचरामि' आली आणि लग्नातल्या वचनांचीच उलटतपासणी तिने घेतली. ही पुस्तकं गंभीरपणे वाचली गेली, ठीकच झालं. पण यांच्याबद्दल बोलतानाही 'ही नुसती प्रेमकथा नव्हे' हे पालुपद सुटत नाही. जणू प्रेमकथा असणं हा डाग आहे आणि तो आधी पुसला पाहिजे.

अमेरिकेत जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासिकेने या बाबतीत एक साधी गोष्ट केली. रोमान्स कादंबऱ्या वाईट का, हे खुर्चीत बसून ठरवण्याऐवजी ती एका गावातल्या वाचक स्त्रियांना जाऊन भेटली आणि तुम्ही हे का वाचता, असं तिने विचारलं. त्या बायका म्हणाल्या, की घरातल्या सगळ्यांचं करता करता दिवस जातो. पुस्तक हातात असतं तेवढा वेळ आमचा असतो. शिवाय त्या सगळंच गोड मानून वाचत नव्हत्या. नायक नायिकेला क्रूरपणे वागवत असेल, तर त्या पुस्तक मिटून ठेवत. त्यांच्या कसोट्या होत्या, नीट विचार केलेल्या होत्या. फक्त त्या कुणी लिहून घेतल्या नव्हत्या. आपल्या वाचनालयात दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांना हे कुणी विचारलं असतं, तर मराठी समीक्षेची एक वेगळीच शाखा निघाली असती.

मग प्रेमकादंबरीचं परीक्षण करायचं कसं? माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, दोघांच्या मधली अडचण खरी आहे का? जात, पैसा, घर, स्वभाव यांतून ती आली आहे, की एका हरवलेल्या पत्रावर दोनशे पानं रेटली आहेत? दुसरी, नायिकेला प्रेमाखेरीज काही आयुष्य आहे का? ती काय काम करते, तिच्या हातात पैसा असतो का, तिला मैत्रीण आहे का? तिसरी, दोघं एकमेकांशी बोलतात ती भाषा जिवंत माणसांची आहे का? आणि चौथी, शेवट सुखाचा असो वा दुःखाचा, तो त्या दोघांनी कमावलेला आहे, की लेखकाने दान दिलेला? या कसोट्या लावल्या, तर एखादी वाचनालयी कादंबरी उत्तम उतरेल आणि एखादी प्रतिष्ठित कादंबरी नापास होईल. तशी तयारी परीक्षकाने ठेवली पाहिजे.

हे आज सांगण्याचं कारण आहे. प्रेमकथा आता वाचनालयाच्या फडताळातून मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. 'प्रतिलिपी'सारख्या मंचांवर गृहिणी, विद्यार्थिनी, नोकरदार मुली मराठीत मालिकाच्या मालिका लिहितात आणि वाचक भाग संपताच तारे देऊन मोकळे होतात. शेवटच्या कोऱ्या पानावरचं 'छान' आता पडद्यावर उमटतं, एवढाच फरक. त्या ताऱ्यांतून आवडलं की नाही ते कळतं. का आवडलं, ते कळत नाही. ते सांगायला लिहिता परीक्षक लागतो. वर्तमानपत्रांतली परीक्षणाची जागा आक्रसत असताना हे काम आणखी अवघड झालं आहे, हे खरं. पण ते टाळलं, तर काय होतं, ते १९६२ ते १९६९ या सात वर्षांनी दाखवून दिलं आहे. जे काम समीक्षकाने मासिकाच्या चार पानांत करायचं, ते अखेर न्यायाधीशाला करावं लागतं. आणि न्यायाधीश चांगला असला, तरी त्याच्यासमोर लेखक आरोपी म्हणूनच उभा असतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी हातातलं पुस्तक पाठीमागे लपवत 'काही नाही हो, अशीच एक प्रेमकादंबरी' असं म्हणाली, तर तिला एवढंच विचारावं : कशी आहे? आणि तिचं उत्तर पुरतं ऐकून घ्यावं. चांगल्या परीक्षणाची सुरुवात तिथूनच होते.